लाजली म्हणजे हो

हे कामाला होते ती कापडगिरणी बंद झाली तेव्हा छत्रीबागेतल्या आमच्या पुढच्या खोलीत ह्यांनी व्हिडिओ गेम लावले. आता काय सांगू, तेव्हा देशात रोज काहीतरी बाहेरून नवीन येत होतं, आमच्याकडे हे आलं.

त्यातला एक खेळ फार चालायचा. गडी मारामारी करत किल्ल्यात पोचतो, बांधून ठेवलेल्या मुलीला सोडवतो आणि लगेच ओढून तिचा मुका घेतो. बस्स, खेळ खलास. त्यावरून गल्लीत बोंबाबोंब झाली. समोरच्या काकू बायका घेऊन दारात आल्या. "ही सरळ जबरदस्ती आहे. बंद करा."

सासूबाई आतून म्हणाल्या, "कसली जबरदस्ती? लाजतेय ती!"

खेळायला आलेला, गिरणीतलाच एक जण, हसून म्हणाला, "काकीजी, इत्ते गुंडे मारके आया है, इत्ता तो बनता है!"

हे घाबरले. चूल त्याच्यावरच पेटत होती. मला म्हणाले, "तू रोज बघतेस. दिसतं तेवढंच सांग, आपल्या मनाचं काही लावू नको."

मी सांगितलं. तो तिचा हात धरतो. तिचे दोन्ही हात त्याच्या छातीवर येतात. ढकलतेय का टेकवलेत, ते एवढ्याशा चित्रात कळत नाही. तोंड फिरवते. काकूंना त्यात नकार दिसतो, सासूबाईंना लाज. ती स्वतः काही बोलत नाही. तिला बोलायचं बटनच नाही.

धाकटी नणंद तिथेच उभी होती, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. म्हणाली, "असतं तर काय बोलली असती हो, वहिनी?"

सगळ्या हसल्या. तो खेळ काढायचा ठरलं, ह्यांनी काढला.

त्याच आठवड्यात नणंदेला बघायला उज्जैनची मंडळी आली. मुलगा सरकारी नोकरीत. गिरणी सुटलेल्या घराला असं स्थळ कुठून मिळणार? तिला बी.एड. करायचं होतं, लग्न इतक्यात नको होतं. तिने मला सांगितलं, मी ह्यांना, ह्यांनी आईला. आई म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळ्याच नको म्हणतात."

पोहे झाले. मुलाच्या आईने विचारलं, "काय गं, पसंत आहे ना आमचा मुलगा?"

तिने मान खाली घातली. मग वर केली. तोंड उघडलं, बोलणारच होती, मी बघत होते ना! आणि सासूबाईंनी त्या उघड्या तोंडात पेढा घातला. "लाजली! चला, मुंह मीठा करा सगळ्यांचं!"

टाळ्या झाल्या. मदतीला आलेल्या समोरच्या काकूंनीही वाजवल्या. चित्रातल्या पोरीसाठी जबरदस्ती म्हणणाऱ्या, त्याच.

मी म्हटलं, "आई, वन्सं काहीतरी सांगत होत्या."

"तुला विचारलं कुणी?"

पेढा तिच्या गालात तसाच होता. गिळेना, थुंकताही येईना.

लग्न झालं. बी.एड. राहिलं ते राहिलंच. परवा उज्जैनला गेले होते तिच्याकडे. तिचे यजमान माणूस वाईट नाहीत, खोटं कशाला बोलू. चहा घेताना कौतुकाने सांगत होते, "वहिनी, एवढा संसार झाला, पण हिने मला कशाला म्हणून नाही म्हटलं नाही."

ती खाली मान घालून कपबशा गोळा करत होती. ते म्हणाले, "बघा, लाजली."