पाठमोरी खाट

सप्तशृंगीनं बोलावल्याशिवाय कुणाला गडावर जाता येत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच यायचा. आई म्हणवते आणि लेकरांना निवडून निवडून बोलावते, ही कसली रीत? हे आजारी पडले तेव्हा तर तो राग पार डोक्यात गेला. माझे यजमान एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. उभी नोकरी नाशिक, वणी, कळवण याच रस्त्यावर गेली. चैत्रात आणि नवरात्रात दारापर्यंत लोंबकळणारी माणसं नांदुरीला, गडाच्या पायथ्याशी, नेऊन सोडायची आणि परतीची माणसं भरून लगेच वळायचं. किती जणांना यांनी देवीपाशी पोचवलं असेल कोण जाणे, पण स्वतः कधी वर गेले नाहीत. रजेच्या दिवशी मी विषय काढला की म्हणायचे, "अगं, आज तरी तो रस्ता नको. रिटायर झालो की आरामात जाऊ." मीही बरं म्हणायचे.

रिटायर व्हायच्या आधीच पाठीच्या कण्यात गाठ निघाली. आधी पायाला मुंग्या, मग पाय ओढत चालणं, आणि पावसाळा सरता सरता कमरेखालचं सगळंच गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "खावंसं वाटेल ते द्या त्यांना." त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दवाखान्याच्या जिन्यात तोंडात पदर कोंबून रडले, चेहरा धुतला आणि यांच्याजवळ जाऊन बसले. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत परत आल्यावर हे छताकडं बघत एवढंच म्हणाले, "गड राहिला गं." त्या दिवशी मी देव्हाऱ्यासमोर देवीला जे काही बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यांना बसता येत नव्हतं, त्यामुळं बस नाही आणि टॅक्सीही नाही. माझा धाकटा भाऊ दत्तू भाजीपाल्याची ने-आण करायचा, त्याची स्वतःची मॅटेडॉर होती. तो एकदा भेटायला आला आणि सहज बोलून गेला, "दाजी, माझ्या गाडीत खाट टाकू. झोपून चला. खाणंपिणं, झोपणं सगळं गाडीतच. फिरतं घर!" तो गमतीत म्हणाला असेल, पण यांनी ते धरूनच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नुसता गडच कशाला, म्हणाले, गडावरून पुढं कळवण, अभोणा, मग हातगडचा घाट चढून सुरगाणा आणि पेठवरून घरी. तो सगळा डोंगराळ मुलूख यांना मला दाखवायचा होता. मुक्काम कुठल्या झाडाखाली, पाणी कुठल्या विहिरीचं, सगळं यांच्या डोक्यात पक्कं. "दिंडोरीला चहा घ्यायचा नाही, नुसतं पाणी असतं. लखमापूर फाट्याला थांबायचं." मी म्हणायचे, "अहो, आधी गाडीचा कांद्याचा वास तर जाऊ दे!" तर हे खो खो हसायचे. हसताना पाठीत कळ यायची, तरी हसायचे.

मॅटेडॉर दोनदा फिनेलनं धुतली. दत्तूनं खाट फळीला पक्की बसवून घेतली, वातीच्या स्टोव्हला दोरीनं बांधायची सोय केली, पाण्याचा कॅन कोपऱ्यात अडकवला. माझ्या जुन्या साडीचे पडदे मी हातानं शिवले. वर देवळापर्यंत डोलीवाल्यांना सांगून ठेवायचं ठरलं. लोक मला वेड्यात काढत होते. मरणाऱ्या माणसाला घेऊन ही बाई सहलीला निघालीय, असं शेजारची एक जण बोललीही. पण त्या दिवाळीत आमच्या घरात जेवढी बडबड झाली तेवढी आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही झाली नव्हती. मरण दारात आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्याकडं पाठ करून आम्ही चिवडा किती न्यायचा यावर भांडत होतो.

अडलं ते निघायच्या दिवशी. गाडीचं मोठं दार मागच्या बाजूला. यांचं म्हणणं, मला पुढचा रस्ता दिसेल असं झोपवा. म्हणजे डोकं मागच्या दाराकडं आणि पाय पुढं, आणि त्यासाठी गाडीत आधी पाय घालायला हवेत. माझ्या थोरल्या नणंदबाई, आक्का, दारातच आडव्या आल्या. "जित्या माणसाला पाय पुढं करून नेतात का कधी? मेलेल्याला नेतात तसं! माझ्या भावाला मी असं नेऊ देणार नाही." हे वैतागून म्हणाले, "आक्का, ड्रायव्हर माणूस मी. उलटं तोंड करून प्रवास कसा करू?" आक्का रडायलाच लागल्या. सगळी गल्ली बघत होती. यांनी माझ्याकडं पाहिलं. मीही मनातून घाबरले होते. अपशकुन म्हणजे आमच्या घरात अजून काय व्हायचं राहिलं होतं? तरी तोंडातून निघालं, "आक्का म्हणतात तसं करू." यांना डोकं पुढं करून आत घेतलं. तोंड मागच्या काचेकडं आलं.

पंचवटी सुटली. रस्ता मागं मागं जाताना बघून यांना मळमळायला लागलं. शेवटी म्हणाले, "तो पडदा ओढ. मला नाही बघायचं." मी मागच्या काचेवर पडदा ओढला आणि टाचण्या लावून टाकल्या. इतके दिवस आखलेल्या प्रवासाची सुरुवात अशी अंधारात झाली. लखमापूर फाट्याचा चहासुद्धा यांनी नुसता ओठाला लावला.

वणीच्या पुढं, नांदुरीच्या रस्त्याला, यांचा श्वास अडकायला लागला. ओठ काळेनिळे पडले. दत्तूनं गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघं वाऱ्यासाठी मागचं दार उघडून उभे राहिलो. गड आता कितीसा राहिला होता! दत्तू म्हणत होता, ताई, रेटू पुढं, दर्शन होऊन जाऊ दे. मी म्हणत होते, परत फिर. आणि परत फिर म्हणताना मला ओक्साबोक्शी रडू येत होतं, कारण एकदा गाडी वळली की गड कायमचा राहिला, हे मला कळत होतं. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी रस्त्यानं आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय धुळीनं भरलेले. भारा खाली टाकून तिनं सरळ आत डोकं घातलं, यांच्या कपाळाला हात लावला आणि मला दटावलंच. "वर न्हेऊ नको त्याला. घाटात लय हाल व्हतील. लेकराचे हाल करायला ती आई काय सावतर हाय का? मागं फिरा, दवाखाना गाठा." मग दार ढकलून लावलं, आणि काचेवरचा पडदा बघून म्हणाली, "आन् ह्यो पडदा कशापायी लावलाय? काढ त्यो." मी गोंधळून उभीच होते. तिनंच पुन्हा दार उघडून पडदा ओढून काढला, टाचण्यांसकट माझ्या हातात दिला, भारा डोक्यावर घेतला आणि रस्त्याला लागली.

दत्तूनं गाडी वळवली. आता गाडीचं तोंड नाशिककडं होतं आणि मागची काच उत्तरेकडं. मी यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डोळे मिटलेले. जरा वेळानं उघडले आणि तसेच राहिले. मी घाबरून काचेकडं पाहिलं. काच भरून गड उभा होता. दिवाळीनंतरची हवा, कुठं ढगाचा ठिपका नाही, कडा न कडा मोजून घ्यावा असा. यांचे हात आपोआप जुळले. श्वास अजून घरघरत होता, पण चेहऱ्यावरचा वैताग गेला होता. "दत्तू, हळू चालव रे," म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "इतक्या वर्षांत परतीच्या वाटेवर गड असा दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं बघ. ड्रायव्हरला कुठं मागं बघता येतं?"

यांना पाय पुढं करून झोपवलं असतं, तर त्या वेळी या माणसाला समोरचा डांबरी रस्ता दिसला असता. आक्कांचा हट्ट, माझी भीती, ती म्हातारी, यातलं कुणी काय ठरवून केलं, मला सांगता येणार नाही. वळणावर गड आड गेला की हे मान वर करायचे, पुन्हा दिसला की टेकवायचे. दिंडोरी मागं पडल्यावर मला तिकडं नुसती निळसर धूसर रेघ दिसायला लागली, आणि नंतर तीही नाही. मी विचारलं, "पडदा लावू का? ऊन येतंय." तर म्हणाले, "नको. अजून आहे गं."

आठवडाभरानं दवाखान्यात यांनी डोळे मिटले. भेटायला येणारे हळहळायचे, बिचाऱ्याचं दर्शन तेवढं राहिलं. सुरुवातीला मी सांगायचा प्रयत्न केला, पण ऐकणाऱ्याच्या तोंडावर कीव दिसायची, म्हणून सोडून दिलं. सुरगाणा नाही, हातगड नाही, आम्ही आखलेलं काहीसुद्धा झालं नाही. आपण आखायचं तेवढं मनापासून आखावं आणि पुढचं देवीवर सोडावं, एवढंच मला उमगलं, आणि तेही रोज नव्यानं शिकावं लागतं. माझा राग मात्र कधी गेला ते कळलंच नाही. आता संध्याकाळी दिवा लावून बसते तेव्हा देवीकडं काही मागत नाही, नुसते आभार मानते. आभार मानता मानता यांची आठवण येऊन रडू फुटतं, तर तेही तिच्याच पुढ्यात बसून रडते.