बापाच्या दगडावरचा आकडा

मोखाड्याच्या बाजारात ऑइलपेंटचा वास आला की मी अजून वाट बदलतो. बाग करायला आणि काठावर पुन्हा रान उभं करायला नगरपंचायतीने नदीकाठची जमीन वनखात्याच्या ताब्यात दिली, त्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे वारलेल्या माणसाच्या नावाचा दगड त्या काठावर उभा करतात आणि नवा भात आधी त्याला दाखवतात, मग तो घरी जेवायला येतो. आई आणि मी टोपलीत भात घेऊन उतरलो, तर बापाच्या दगडावर लालभडक आकडा आणि बाण. मोजणीवाल्यांना तो हद्दीचा दगड वाटला होता. आईने टोपली खाली ठेवली. “पूस ना रं,” ती कुजबुजली. मी पुसायला गेलो, तर ओला रंग आणखीच पसरला. “आता तो त्यांची हद्द राखत बसंल, आपल्यालाबी अडवंल,” ती म्हणाली, “घरी कसा येल?” भात तिथेच टाकून, मागे न बघता आम्ही वर पळालो. आता बाग दाट झालीय, बगळे परतलेत. आईही गेली. तिचा दगड बापाशेजारी उभा करायला हवा, पण तो अजून माझ्या ओटीवर आहे, आणि रंगाचे डबे घेऊन माणसं वाटेने गेली की मी त्याच्यावर गोणपाट टाकतो.