सहा वायरींची मोटर

आई गेली, तिचं पुण्यानुमोदन झालं आणि चौथ्या दिवशी बाबांनी लोअर परळचा गाळा उघडला. मला रागच आला. बाई गेली आणि हा माणूस रडला नाही, की दोन शब्द बोलला नाही. सरळ पक्कड शोधायला लागला. तसं रडू मलाही येत नव्हतं, पण मी निदान घरात तरी बसले होते.

मी मित्रा. माझे बाबा जगदीश. गिरणी बंद पडल्यापासून याच गाळ्यात मोटरी दुरुस्त करतात. त्या दिवशी मी डबा घेऊन गाळ्यात गेले, तेवढ्यात चाळीतल्या मालनताई हातगाडीवरून मोटर घेऊन आल्या. पिठाच्या चक्कीची जुनी जळाली, म्हणून माझगावच्या भंगारातून ही उचललेली. पाटी झिजलेली आणि बाहेर लोंबणाऱ्या सहा वायरी, सगळ्या काळ्या.

"भाऊ, आजच्या आज लागेल?"

"लागली तर लागली. नाहीतर गाळा सोडतो, विकासकडं जातो," बाबा म्हणाले. विकास माझा भाऊ, डोंबिवलीला असतो. भाजी संपली असं सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. मालनताई माझ्याकडं बघायला लागल्या.

बाबांनी मीटर लावून वायरींच्या जोड्या जुळवल्या. तीन जोड्या, तिन्हींचं रीडिंग सारखं. "थ्री फेज," ते पुटपुटले. आता प्रत्येक जोडीतलं सुरुवातीचं टोक शोधायचं होतं, कारण एक जोडी जरी उलटी लागली तरी मोटर नुसती गुरगुरते आणि जळते. त्यासाठी एका जोडीला सेल क्षणभर टेकवायचा आणि दुसरीवर लावलेल्या मीटरची सुई कुठल्या बाजूला उडते ते पाहायचं. बाबांची नजर अधू झाल्यापासून सुई आई बघायची. आज तिच्या स्टुलावर मी बसले होते, मीटर माझ्या मांडीवर होता.

त्यांनी सेल टेकवला. "घड्याळाकडं की दाराकडं?"

"काय?"

"सुई गं."

आईला डावं-उजवं पटकन सुचायचं नाही, म्हणून दोघांनी हे ठरवून घेतलं होतं: डावीकडं भिंतीवरचं घड्याळ, उजवीकडं दार. मला पत्ताच नव्हता. समोरच्या टॉवरमध्ये सात वर्षं नोकरी करते मी, आणि दुपारी एकदाही इथं येऊन बसले नव्हते.

"घड्याळाकडं," मी म्हणाले. त्यांनी त्या वायरीला गाठ मारली. मग दुसरी, मग तिसरी.

वायरी जोडून त्यांनी स्विच दाबला. मोटर एका झटक्यात फिरली, आवाज अगदी साफ. मालनताईंनी हात जोडले. बाबा वळून स्टुलाकडं बघत म्हणाले, "सुंदरा, लागली गं."

स्टुलावर आई नव्हती, मी होते. त्यांनी स्विच बंद केला आणि तिथंच खाली बसले. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. मग म्हणाले, "मित्रा, गाळा ठेवायचा तर सुई कोण बघणार?"

मी बघेन, एवढंच म्हणायचं होतं. सोमवारपासून माझं ऑफिस होतं. मी मीटरच्या वायरी गुंडाळायला लागले.