सात नंबरची बाई

मी मोठ्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयाचा संचालक म्हणून निवृत्त झालो तेव्हा सत्कारात एकजात सगळे वक्ते म्हणाले की, यांनी समाजाला जुन्या शिल्पांकडे बघायची दृष्टी दिली. मी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. कुणी कुणाला दृष्टी देत नाही. ज्याला बघायचंच नाही त्याच्या दारात अख्खं वेरूळ आणून ठेवलं तरी तो त्यावर गोवऱ्या थापेल. हे मी एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत वाशीमला शिकलो, आणि तेव्हाचा राग अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मुंबईला चित्रकला शिकून आलो आणि वाशीमच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून चिकटलो. गावातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाला कलेचं वेड नव्हतं, पण नावाचं होतं. त्याने सरकीच्या गोदामाला लागून असलेल्या दोन खोल्या झाडून घेतल्या, दारावर 'कलासंग्रहालय' अशी पाटी ठोकली, स्वतः अध्यक्ष झाला आणि मला संचालक केलं. संचालक म्हणजे झाडू मारणारा, कुलूप लावणारा आणि अध्यक्षांच्या व्याह्यांना फिरवून आणणारा. संग्रहात त्यांच्या आजोबांच्या दोन तलवारी, एक ढाल, एक हुक्का, एक फुटका समईचा जोड आणि अध्यक्षांनी स्वतः मारलेला, भुसा भरलेला बिबट्या. लोक येत ते बिबट्या बघायला. खेड्यापाड्यांत आमच्या संस्थेला 'अजबखाना' म्हणत. ते ऐकून माझं डोकं फिरायचं, पण बिबट्या दारातच उभा असताना भांडणार कुठल्या तोंडाने!

शाळेच्या कामाने एकदा अनसिंगच्या पुढे एका गावी गेलो होतो. पावसाळा नुकताच सरला होता. नाल्याच्या डोहावर बाया धुणं धूत होत्या. एक बुढी ज्या दगडावर लुगडं आपटत होती, त्याच्या कडेला मला कोरलेली पावलं दिसली. चार गडी बोलावून तो दगड उलटवला. बाई निघाली. नुकतीच न्हाऊन ओले केस पिळत उभी असलेली. मान कलती, दोन्ही हात केसांत, आणि केसांच्या टोकाशी दगडाचेच थेंब, आता पडतील असे. नाकाचा शेंडा तेवढा उडाला होता. चेहरा असा, की आपल्याला कुणी बघत नाही अशी तिची पक्की खात्री असावी. मी तिथेच चिखलात बसकण मारली.

पाटील म्हणाला, "न्या नं मास्तर, धोंडाच तं हाय. पन बायांनी धुनं कायच्यावर आपटावं?"

मी चांगली सपाट दगडाची फाडी आणून दिली. बुढीने तिच्यावर लुगड्याचा एक पिळा आपटून पाहिला, "बेस हाय," म्हणाली आणि कामाला लागली. त्या चेहऱ्याकडे एकानेही दुसऱ्यांदा वळून पाहिलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

बैलबंडीत घालून बाई वाशीमला आणली. अख्खा हिवाळा मी तिला धूत होतो. शाळा सुटली की जायचं, साधं पाणी आणि मऊ कुंचला घ्यायचा आणि साबणाचा, चिखलाचा, शेवाळाचा थर नखाएवढा नखाएवढा काढायचा. ओठ निघाले, पापण्या निघाल्या, थेंब तर एकेक करून निघाले. मला तेव्हा लग्न करायचं सुचत नव्हतं, घरचे कटकट करत. ह्या कामासारखं सुख मला नंतर मोठ्या शहरात, मोठ्या पगारातही मिळालं नाही.

संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूवर नंबर घालायचा असतो. पांढरा रंग संपला होता, म्हणून जिनिंगच्या दारांना लावायचा लाल ऑइलपेंट घेतला आणि बाईच्या पावलाशी बारीक सात काढला. सहा नंबर बिबट्याचा होता. सातच का, याचं एवढंच कारण.

उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी ती बुढी भाच्याला घेऊन आली. बिबट्या बघून झाल्यावर आतल्या खोलीत शिरली आणि उभीच राहिली.

"हे कोन हाय वं माय?"

"तुमच्याच डोहावरची. धुणं धूत होतात, तोच दगड."

"डोई न्हाऊन उभी हाय," ती पुटपुटली. "पान्यातून निंगाली." मग तिची नजर पावलाशी गेली. "शेंदूर लावला?"

"शेंदूर नाही, आजी. रंग आहे. नंबर टाकलाय."

"काय लिवलं हाय रे?" तिने भाच्याला विचारलं. तो शाळेत दोन इयत्ता बसलेला. म्हणाला, "सात."

झालं! बुढीने पदर पसरून जमिनीला डोकं टेकलं. आमच्याकडे डोहाडोहांवर साती आसरा असतात. पाण्यातल्या सात बहिणी. शेंदूर लावलेले सात धोंडे म्हणजे त्या, आणि रागावल्या तर माणूस ओढतात, नाही तर पाणी आटवतात. ह्यांच्या डोहावर उंबराखाली सहाच धोंडे होते. सातवी रुसून गेली, असं गावात सांगत आले होते. आणि त्या वर्षी डोह जरा लवकर आटला होता. ओली बाई, लाल रंग आणि सात. मी अगदी पुरावा हाती दिल्यासारखंच झालं.

"आमी इले पालथी ठेवली तवा निजली होती," बुढी माझ्यावर डाफरली. "लगन होऊन आली तवापासून इच्या पाठीवर धुनं आपटलं मी, कधी काई म्हनलं नाई इनं. तू काहून उठवली?"

"अहो, बिबट्या सहावा, म्हणून ही सातवी. दुसरं काही नाही."

"आसरेले वाघाच्या मांगं लावली?"

मी बोलत सुटलो. खूप बोललो, मोठ्याने बोललो. अडाणी म्हणालो. ती शांतपणे ऐकून निघून गेली.

पुढच्या बाजाराला तिचं गाव बंड्या जुंपून जिनिंगच्या आवारात हजर. मला ओलांडून सगळे थेट अध्यक्षांच्या गादीसमोर जाऊन बसले. सातवी परत दिली नाही तर येत्या हंगामाला आपला कापूस दुसऱ्या जिनात नेऊ, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि तेवढं पुरलं.

"मास्तर," अध्यक्षांनी मला बोलावून सुनावलं, "कापूस यायचा हाय. तुमची बाई मले सरकी देते काय?"

"मग मी राहत नाही. ही घ्या किल्ली."

"ठेवा टेबलावर. पन बाई जाईनच."

मी किल्ली ठेवलीही असती. पण तेवढ्यात पाटील म्हणाला की, असं नकटं तोंड देवाले शोभत नाही, पाथरवट सांगून ठेवला आहे, तो नवं नाक काढून देईल, आणि डोळे जरा बारीक आहेत, तेही खोदून मोठे करील. छिन्नीचा घाव बसला की बसला. मी अक्षरशः हात जोडले, आणि ह्या माणसांपुढे जोडले याची चीड मला आजही येते. पाथरवट नको, हवं ते करतो, म्हणालो.

बुढीने अट घातली. "यानंच उठवली, यानंच निजवावी. शेंदूर यानं चढवला पायजे. तोंडावर बी. मंग पाथरवट नाई."

मी हिशेब केला. शेंदराचा थर साचून त्याची खोळ होते आणि कधी ना कधी ती कवचासारखी गळून पडते, आत दगड शाबूत राहतो. हो म्हणालो.

डोह कोरडा ठाक होता. उंबराखाली सहा लाल धोंडे आणि त्यांच्या शेजारी तिला उभी केलेली. सगळं गाव गोल करून उभं, अध्यक्ष खुर्चीवर. कुणाच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी बोटभर माया नव्हती, आणि माझ्याकडे त्यांच्यासाठी नव्हती. बुढीने तेलात कालवलेल्या शेंदराची परात माझ्यापुढे सरकवली. "लाव."

पावलापासून सुरुवात केली. नंबर गेला, पोटऱ्या गेल्या, कंबर गेली. गळ्यापर्यंत आलो तसे सगळे पुढे सरकले. माना उंच करून, एकमेकांना ढकलून, पोरं खांद्यावर घेऊन बघायला लागले. तिचा चेहरा बघायला! वर्षानुवर्षं ज्यांनी त्याला चिखलात दाबून वर चिंध्या आपटल्या, ते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता बघता? आता नाही मिळणार. मी दोन्ही मुठी भरून शेंदूर घेतला आणि आधी डोळे बुजवले. मग ओठ. मग केसांत बोटं घालून एकेक थेंब अंगठ्याने दाबून दाबून सपाट केला. एकही रेघ वर राहू दिली नाही. शेवटी तिथे नुसता एक लाल धोंडा उरला, बाकीच्या सहांसारखा. तेव्हाच थांबलो.

मागे बुढी हात जोडून उभी होती. ती बायांना सांगत होती, "पाहा वं, कसा जीव लावून लावून राह्यला. असा मनापासून शेंदूर म्या कोनाले चढवताना नाई पाह्यलं."

खरंच होतं ते. इतक्या रागाने आणि इतकं चोख काम मी त्यानंतर आयुष्यात कधी केलं नाही.