वडिलांच्या केसपेपरवरचा एक शब्द

तळेघरच्या स्टँडवर एसटीत चढताना तात्या पायरीवर थांबले आणि मागं वळून पाहू लागले. भाताची झोडणी उरकली होती, आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मी त्यांना, माझ्या वडिलांना, भोसरीला न्यायला आलो होतो. चुलतभाऊ नामदेव म्हणाला, "तात्या, आता काय राव, गादीवर बसून टीव्ही बघायचा!" सगळे हसले. तात्यांनी मला विचारलं, "आन् दिवसभर करू काय?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

दहा वर्षांपूर्वी, त्र्याण्णवला, मीही इथूनच निघालो होतो. पण मला तिकडं नोकरी होती.

आमच्याकडची म्हातारी माणसं गप्पा मारतानाही मांडीवर वाख घेऊन दोर वळतात. घायपाताच्या त्या धाग्यांचा एक भारा तात्यांनी पिशवीतून आणला होता. गॅलरीत बसून ते वळायचे आणि धागे जिन्यात उडायचे. खालच्या बाई एकदा म्हणाल्या, "वर गोठा काढलाय का हो?" मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो भारा मी घंटागाडीत टाकला. तात्या रिकाम्या हातांनी गॅलरीत बसून राहिले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग ते दिवसाही झोपू लागले. अर्धी भाकरी ताटात राहायची. शिमग्यापर्यंत ते माझ्या बायकोला आईच्या नावानं हाक मारू लागले. फर्स्ट शिफ्टला निघण्याआधी मी त्यांच्या पलंगाशी उभा राहायचो. अंगावरची चादर हलली की मगच बूट घालायचो.

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी "वय झालंय" म्हणून केसपेपरवर इंग्रजीत एक शब्द लिहिला: लेथार्जिक. सुस्त, मरगळलेला. कंपनीत पत्रव्यवहार माझ्याकडंच असल्यानं अर्थ मला ठाऊक होता. तरी ऑफिसातला जाडा शब्दकोश उघडला. त्यात शब्दाचं मूळही दिलं होतं. दोन जुने ग्रीक शब्द जोडून तो झालेला. पहिल्याचा अर्थ विसरणं. दुसऱ्याचा अर्थ, ज्याला काम नाही असा.

विसरणं वयानं आणलं असेल. दुसरं मी आणलं होतं.

रजा टाकून त्यांना तळेघरला नेलं. नामदेव भाताच्या रोपांसाठी राब भाजायची तयारी करत होता. वाफ्यावर शेण, फांद्या, पाचोळा रचून झाला होता, पेटवायचं बाकी होतं. तात्या एकदम ओरडले, "आरं, वर माती कोन टाकनार? वाऱ्यानं भडकून उडंल समदं!" आणि खाली बसून दोन्ही हातांनी माती पसरू लागले. मी पाटी घेऊन पुढं झालो. त्यांनी हातानं अडवलं.

"पावणं, तुमी बाजूला व्हा. कापडं खराब व्हत्याल."

नामदेव हसला, म्हणून मीही हसलो. ते विसरून तसं म्हणाले की मला टोमणा मारला, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तात्या तिथंच राहिले, मी एकटा परतलो. तुमच्यापैकी जे गाव सोडून आले, त्यांना ही धास्ती माहीत असेल. गावाकडून फोन आला की मी हातातलं काम टाकून उचलतो. नामदेव खुशाली विचारत बसतो. मी त्याला मधेच तोडतो, "तात्या कुठंयत?"

"गेलं शेतावर. लई सांगितलं, ऐकत न्हाईत!"

ही तक्रार ऐकू येते तोवर मला घर आहे.