सात नंबरची गाठ

“गाठ ह्यांना नाही, तुम्हाला आहे,” डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा माझा हात मंगलच्या पाठीवर होता. मंगल माझी धाकटी जाऊ. तिला धीर द्यायचा म्हणून मी नगरच्या दवाखान्यात आले होते.

खरं सांगते, मंगल घरात आल्यापासून मी तिच्यावर जळते. तिचं रूप, तिच्या हातची भाकरी, सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता तिचंच नाव. मला कधी सोसलं नाही.

देवळालीला तपासणी शिबिर होतं. तिथे मायक्रोवेव्ह इमेजिंग होतं, म्हणजे अगदी मंद रेडिओलहरी सोडून छातीचं चित्र काढायचं. गाठीत आणि बाकीच्या भागात पाण्याचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून लहरी वेगळ्या परततात. एक्स-रे नाही, छाती दाबणं नाही, नुसतं पालथं झोपायचं. हे यंत्र अजून अभ्यासातलं आहे, पक्कं निदान पुढच्या तपासण्यांनीच होतं, असं नर्सने बजावलं होतं.

थोरलेपणाच्या मानाने फॉर्मवर आधी माझं नाव लिहिलं, मग तिचं. आत जायची वेळ आली तशी माझी पाचावर धारण बसली. “तू हो पुढं,” म्हणून मी तिला ढकललं. मंगलचा मोबाईल बिघडलेला, म्हणून दोघींसाठी माझाच नंबर दिला होता.

दोन दिवसांनी मेसेज आला. सात नंबरच्या पेशंटच्या डाव्या स्तनात संशयास्पद जागा दिसते, लवकर या. सातवी आत गेली होती मंगल. फॉर्मवर सात नंबर माझ्या नावापुढे होता, ते बघायचं मला सुचलंच नाही.

मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. आठ दिवस तो मेसेज मी कुणाला दाखवला नाही.

नवव्या दिवशी सांगितलं तेव्हा ती हमसून रडली. “ताई, तुमी हायेत म्हनून बरं हाय,” म्हणाली.

नगरला डॉक्टरांनी फॉर्मवरचा नंबर पाहिला आणि गाठ माझी निघाली. मग माझी मॅमोग्राफी झाली. यात छाती दोन पाट्यांमध्ये दाबून एक्स-रे काढतात. नंतर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. मला कळा येत होत्या, आणि मंगल बाहेर बाकावर ठणठणीत बसली आहे याचाच जास्त राग येत होता. कॅन्सरच निघाला, पण लवकर सापडलेला. मेसेजची तारीख पाहून डॉक्टर म्हणाल्या, “आठ दिवसांनी फार बिघडलं नाही. पण असं अंगावर काढायचं नसतं.”

बायांनो, मेसेज कुणाचाही असो, त्याच दिवशी सांगा.

ऑपरेशननंतर एकदा मंगल माझी वेणी घालत होती. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला.

“आन् गाठ खरंच माझी असती तर?”

तिने वेणी पुरी केली आणि उठून गेली.

पाचव्या दिवशी माझी केमो होती. पहाटे ती डबा भरून दारात उभी होती. “चला, यष्टी जाईल,” एवढंच म्हणाली.

मी अजूनही तिच्यावर जळते. तिच्या जागी मी असते, तर डबा घेऊन दारात उभी राहिले नसते.