साखर उतरली त्या दुपारी

"टाइप वन डायबेटिस आहे," डॉक्टर म्हणाले. जळगावच्या दवाखान्यात माझी चार वर्षांची कार्तिकी सलाईन लावून निजली होती. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबलं होतं, ते आता रोज सुईनं द्यावं लागणार होतं. किती दिवस, मी विचारलं. "कायम." भाजीचा भाव ऐकल्यासारखी मी मान हलवली.

आधी ती सारखी पाणी मागत होती, अंथरूण ओलं करत होती, वाळत चालली होती. आम्ही उन्हाळ्याला दोष दिला. मग उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, तेव्हा धरणगावहून गाडी करून निघालो.

घरी आल्यावर सुई मीच द्यायचे. नवरा सुई बघून अंगणात निघून जायचा. ती रडायची, मी टोचायचे, भाकरी थापायला जायचे. आत काहीच हलत नव्हतं. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, घरात गोड करणंच बंद केलं.

एका दुपारी कार्तिकी खेळता खेळता भिंतीला टेकली. घामानं डबडबलेली, ओठ पांढरे, बोलणं अडखळत. बोटाच्या थेंबावरून साखर मोजतात त्या ग्लुकोमीटरवर आकडा फार खाली होता. इन्सुलिन घेतल्यावर खाणं कमी पडलं की साखर अशी एकदम उतरते, त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. मी पाण्यात साखर कालवायला घेतली, तर अक्कांनी माझा हात धरला.

"नको दू. डाक्टरनी साखर बंद सांगेल शे."

"अक्का, आत्ता नाही दिली तर पोर हातची जाईल."

मी ओरडले नव्हते. त्यांनी हात सोडला.

ती शुद्धीत होती, गिळत होती, म्हणून चमच्यानं पाजलं. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोड्या वेळानं तिनं भाकरी मागितली. मी ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं नाही.

संध्याकाळी अक्कांनी साखर मोजायचं मशीन कसं चालवायचं ते विचारलं. सुई आधी स्वतःच्या बोटाला टोचून घेतली.

"लागस," एवढंच म्हणाल्या.

मग नवी सुई लावून नातीचा हात मांडीवर घेतला.

तुमच्या घरी असं झालं, तर औषधाबरोबरच घरातल्या सगळ्यांना हे सगळं शिकवा. माझा बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. पण हल्ली मी दुपारी जरा पडते, आणि मला झोप लागते.